पालोमाचे त्रेसष्ट दिवस

ऑक्टोबर अर्धा सरला की इथे अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या गल्लीत पानांचे ढीग लागायला सुरुवात होते. शेजारी सकाळपासून पानं गोळा करून उंच कागदी पिशव्यांत दाबून भरतात. रात्री पाऊस पडून गेला असेल, तर त्या पिशव्यांतून एक कुजकट गोडसर वास येतो. लोक या दिवसांत गाड्या काढून डोंगरांतले रंग बघायला जातात. मी जात नाही. तो वास आला की मी नकळत दिवस मोजायला लागते. आज पन्नासावा. आज बावन्नावा.

यंदा मोजणी जरा आधीच सुरू झाली. कुणीतरी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. ॲरिझोनातल्या डोंगरात झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यासमोरून एक जग्वार चालत गेला होता. एकटा नर, रुंद डोकं, अंगावर गुलाबासारखे ठिपके. खाली सगळ्यांनी हृदयं आणि टाळ्या पाठवल्या होत्या. ‘वॉव, अमेरिकेत परत आले!’ असं एकीनं लिहिलं होतं. माझी नऊ वर्षांची लेक ईरा खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, “आई, इज ही लॉस्ट?”

मी नाही म्हणाले. हरवलेला नाही. मेक्सिकोतून निघून तो बायको शोधत उत्तरेला आला आहे. पुढचं तिला सांगितलं नाही. जग्वारचा नर तरुण झाला की आईचा मुलूख सोडून लांब लांब जातो, मादी मात्र आईच्या आसपासच आपली जागा धरते. म्हणून सीमेच्या या बाजूला जे येतात ते नरच. वर्षानुवर्षं असंच चाललंय. एकेक येतो, डोंगर पालथे घालतो, झाडांवर मूत्राच्या खुणा ठेवतो, डरकाळतो. उत्तर द्यायला इकडे कुणी नसतं. काही वर्षांनी तो कॅमेऱ्यात दिसेनासा होतो आणि आपण पुढच्याच्या फोटोवर टाळ्या वाजवतो. नर कितीही आले तरी जात पुढे सरकत नाही. ती सरकते मादीच्या पोटातून. ते पोट किती अवघड असतं, हे मला एका पानगळीत कळलं.

माझे वडील कऱ्हाडजवळ पशुधन पर्यवेक्षक होते. मोटरसायकलला नायट्रोजनचं कॅन बांधून गावोगाव फिरायचे. गाय माजावर आली की निरोप यायचा, आणि आप्पा कॅनमधून वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी काढून थर्मासातल्या कोमट पाण्यात धरायचे. कॅनच्या तोंडातून निघणारी पांढरी वाफ हीच माझ्या लहानपणीची जादू. एकवीस दिवसांनी गाय पुन्हा माजावर आली तर ‘उलटली’ म्हणायचं, नाही आली तर गाभण. एवढं सरळ होतं ते. मी पशुवैद्यक झाले ती त्या वाफेमुळे, आणि पुढे पीएच.डी.साठी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेजला आले तेव्हाही मला वाटत होतं की मी आप्पांचंच काम करायला चालले आहे, फक्त जनावर वेगळं.

ते जनावर म्हणजे पालोमा. आमच्या विद्यापीठापासून तीन तासांवर एक लहानसं प्राणिसंग्रहालय होतं, तिथली जग्वारची मादी. स्पॅनिशमध्ये पालोमा म्हणजे कबुतर. हे नाव कुणी आणि का ठेवलं ते तिला सांभाळणाऱ्या लोरेनलाही माहीत नव्हतं. लोरेन साठीला आलेली, रुंद हाडाची, कमी बोलणारी बाई. पालोमा दोन महिन्यांची असल्यापासून तिला तीच सांभाळत होती. माझं मेघना हे नाव तिनं पहिल्याच दिवशी ‘मेग’ करून टाकलं.

पालोमाच्या शेजारच्या पिंजऱ्यात रुफिनो नावाचा म्हातारा नर होता. त्याच्या आईला मेक्सिकोत कुणीतरी गुरांच्या रागापायी गोळी घातली होती आणि तो बछडा असताना इथे पोचला होता. त्याच्या रक्ताचं दुसरं जनावर कुठल्याच पिंजऱ्यात नव्हतं. पिंजऱ्यातले बाकीचे जग्वार बरेचसे एकमेकांचे भाऊबंद. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत जुळवत गेलं की पिल्लं दुबळी होत जातात, म्हणून रुफिनोचं रक्त पुढे जाणं गरजेचं होतं. पण दोघांना एकत्र सोडलं तेव्हा पालोमानं त्याचा कान फाडला. रुफिनोनं तिच्या मानेत दात रोवले. पाण्याचे फवारे मारून त्यांना वेगळं करावं लागलं, आणि त्यानंतर ते धाडस कुणी केलं नाही. मी यायच्या आदल्या हिवाळ्यात रुफिनो मूत्रपिंडाच्या आजारानं गेला. मागे उरल्या होत्या त्याच्या चार कांड्या, आमच्या प्रयोगशाळेतल्या नायट्रोजनच्या टाकीत.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही त्या चारही वापरल्या. माझ्या गाइड हेलन म्हणाल्या की दोन वापरून दोन ठेवायच्या हा शहाणपणा इथे चालणार नाही, अर्ध्या प्रयत्नातून काहीच हाती लागत नाही. पालोमाला आधी अंडी पिकवायची इंजेक्शनं दिली होती. मग तिला भूल देऊन टेबलावर घेतलं. लोरेननं तिचा पुढचा पंजा सगळा वेळ हातात धरून ठेवला होता. पोटाला छोटंसं छिद्र पाडून दुर्बीण आत घातली, तेव्हा पडद्यावर बीजकोश दिसला. त्यावर नुकती फुटलेली तीन ठिकाणं होती, लालसर. मी कांड्या वितळवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली निम्मे शुक्रजंतू निपचित पडलेले होते, उरलेले कसेबसे पोहत होते. हेलननी ते पालोमाच्या बीजनलिकेत सोडले. सगळं पाऊण तासात झालं. रिकाम्या कांड्या मी कचऱ्यात टाकू शकले नाही. कोटाच्या खिशात घातल्या, आणि तो कोट धुताना त्या कुठे गेल्या ते कळलं नाही.

मग वाट बघणं सुरू झालं.

मांजरकुळात एक मोठी फसवणूक असते. बीज फुटलं की गर्भ राहो वा न राहो, शरीर काही आठवडे गाभण असल्यासारखंच वागतं. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन वर चढतं आणि वरच राहतं. खोटा गाभ असेल तर सव्वा-दीड महिन्यात ते खाली येतं. खरा असेल तर शंभरेक दिवस टिकतं. म्हणजे पन्नासाव्या दिवसापर्यंत खरं-खोटं कळायला मार्ग नाही. आणि रोज रक्त काढायला पालोमा काही गाय नव्हती. म्हणून ते हॉर्मोन आम्ही तिच्या विष्ठेत मोजायचो. तिची विष्ठा शेजारच्या जनावरांच्या विष्ठेशी मिसळू नये म्हणून लोरेन तिच्या मांसात चिमूटभर हिरवी चमकी घालायची, लहान मुलांच्या ग्रीटिंग कार्डावर असते तशी. दर मंगळवारी बर्फाच्या खोक्यातून पुड्या यायच्या. त्या वाळवायच्या, कुटायच्या, पीठ चाळतो तशा चाळायच्या, अर्क काढायचा, आणि शुक्रवारी चाचणीची प्लेट लावली की त्या हॉर्मोनचा आकडा मिळायचा. माझ्या नखांत, स्वेटरवर, बसच्या सीटवरसुद्धा हिरवे कण चमकायचे. माझी रूममेट मानसी पुण्याची, स्टॅटिस्टिक्स करायची. पोळीच्या पिठात चमकी सापडली तेव्हा ती म्हणाली, “यार, हे कुठून आलंय ते मला सांगू नकोस.”

सप्टेंबर गेला. आकडा वर होता. कॅम्पसवरची झाडं टोकांकडून पिवळी पडायला लागली. शनिवारी फुटबॉलचा सामना असला की गाव निळ्यापांढऱ्या कपड्यांनी भरून जायचं आणि बसला दुप्पट वेळ लागायचा. त्या गर्दीत उभी राहून मी मनातल्या मनात दिवस मोजायचे. आप्पांचा दर रविवारी सकाळी फोन यायचा. आधी जेवणखाण, मग हवा, मग आवाज जरा खाली आणून ते विचारायचे, “उलटली नाही ना अजून?” जग्वारला ते कायम बिबटीणच म्हणायचे. एकदा बोलता बोलता ते म्हणाले की आमच्याकडे उसाच्या फडात बिबटीण विते, तोडणीला गेलेल्या बायांना पाचटात बछडी सापडतात, कुणी कांडी भरली नाही की कुणी मोजलं नाही. मी हसले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तेच डोक्यात राहिलं. तिथे उसात नको म्हटलं तरी पिल्लं येत होती आणि इथे सगळी हुशारी पणाला लावून एक येत नव्हतं.

एक्कावन्नाव्या दिवशीचा शुक्रवार अजून लख्ख आठवतो. आकडा वरच होता. थोडा चढलाही होता. मी तीच प्लेट पुन्हा वाचली. हेलननी आकडा बघितला आणि म्हणाल्या की आणखी एक आठवडा थांबू, मग कळवू. त्या गेल्यावर मी लोरेनला फोन केला. थांबायला हवं होतं. पण सात आठवडे ती दर सोमवारी एकच प्रश्न विचारत होती आणि मी एकच उत्तर देत होते. मी तिला सांगितलं की बहुतेक पालोमा गाभण आहे. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. त्याच दिवशी तिनं सगळ्यांना सांगून टाकलं. विण्याची कोठडी रंगवायला घेतली, पेंढा मागवला, उबेचा दिवा लावला, आणि पोट तपासता यावं म्हणून पालोमाला काठीच्या टोकावर मांस दाखवून जाळीला अंग टेकवून उभं राहायला शिकवलं. सोनोग्राफी बारा दिवसांनी, बुधवारी करायचं ठरलं.

त्याच्या आदल्या शनिवारी स्टेट कॉलेजमधल्या मराठी लोकांची दिवाळी होती, एका शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये. फराळाचं आणि रांगोळीचं काम मानसीनं माझ्या नावावर लिहून टाकलं होतं. त्या आठवड्याची पुडी वाळवून, अर्क काढून तयार होती. शुक्रवारी प्लेट लावायची तेवढी राहिली होती. मी ती लावली नाही. सोमवारी लावू म्हटलं. चकल्या तळायला गेले.

हॉलमध्ये देशपांडेकाकू भेटल्या. त्यांचे यजमान विद्यापीठात शिकवायचे आणि आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांना दर महिन्याला त्यांच्याकडे एक जेवण ठरलेलं असायचं. मी त्यांना पालोमाची बातमी सांगितली. त्यांनी पदराला हात पुसले आणि अगदी गंभीरपणे विचारलं की कितवा महिना. मी म्हटलं की सगळे मिळून साडेतीन महिनेच असतात, आता अर्धे झाले. मग त्यांनी आजूबाजूच्या बायकांना गोळा केलं. डोहाळजेवण करायला हवं असं ठरलं. कुणी म्हणालं वाघिणीला हिरवी साडी कोण नेसवणार, कुणी म्हणालं चमकी तरी हिरवीच आहे. सगळ्या हसत होत्या, मीही. निघताना काकूंनी चिरोट्यांचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, “तिला सांभाळणाऱ्या त्या बाईला दे. आपल्या मुलीसारखंच करतेय ना ती तिचं.”

सोमवारी सकाळी मी प्लेट लावली. दुपारी आकडा आला.

तो खाली आला होता. हळूहळू नाही. बावन्नाव्या दिवसापासून तो धाडकन पडला होता आणि शेवटच्या पुडीत गाभण नसलेल्या जनावराइतका झाला होता. मी हेलनकडे गेले. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा काढला, आणि म्हणाल्या की चूक असू शकते, पुन्हा लाव. पुन्हा लावली. तोच आकडा. हेलन म्हणाल्या की सोनोग्राफी होऊ दे. मला ते पुरेसं वाटलं. पुरेसं वाटून घेतलं. मी लोरेनला फोन केला नाही. मंगळवारीही नाही. प्रत्येक वेळी फोन हातात घेतला की वाटायचं, पडद्यावर काहीतरी दिसलं तर? यंत्रं चुकतात. मीही चुकत असेन. त्या दोन दिवसांत मला जितकं आपण चुकलेलो असावं असं वाटलं, तितकं आयुष्यात कधी वाटलं नाही.

बुधवार, त्रेसष्टावा दिवस. रस्त्यावर दोन्ही बाजूंना डोंगर शेंदरी झाले होते. मी डबा शेजारच्या सीटवर ठेवून तीन तास गाडी चालवली. लोरेननं मला आधी कोठडी दाखवली. भिंतींना फिकट हिरवा रंग होता, पेंढ्याचा वास येत होता, कोपऱ्यात कॅमेरा लावलेला होता. मी छान आहे म्हणाले. तेव्हाही सांगता आलं असतं.

पालोमा जाळीपाशी आली. काठीवरचं मांस वर धरलं तशी मागच्या पायांवर उभी राहिली आणि पांढरट ठिपक्यांचं पोट जाळीला लावलं, अगदी शिकवल्याप्रमाणे. तिथल्या डॉक्टरांनी जाळीतून यंत्राचं टोक टेकवलं. लोरेनची पाठ पडद्याकडे होती, कारण मांस तिच्या हातात होतं. ती पालोमाशी हलक्या आवाजात बोलत होती. ‘गुड गर्ल, होल्ड, होल्ड.’ डॉक्टर टोक फिरवत राहिले. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. पडद्यावर करडा धूर होता. मूत्राशय दिसलं. आतडं दिसलं. दुसरं काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली. लोरेननं ते बघितलं असणार. तिनं डॉक्टरांना काहीच विचारलं नाही. मला विचारलं.

“तुला माहीत होतं?”

“सोमवारपासून.”

पालोमा अजून तशीच उभी होती. लोरेननं काठीवरचं मांस तिला दिलं, मग बादलीतलं उरलेलं सगळं दिलं, एकेक तुकडा, घाई न करता. नंतर आम्ही मांस कापायच्या खोलीत बसलो. मी डबा तिच्यापुढे ठेवला आणि तो कुणी दिला ते सांगितलं. तिनं एक चिरोटा खाल्ला. पापुद्र्यांचा चुरा तिच्या गणवेशावर पडला. ती म्हणाली की तिची आई असलंच काहीतरी नाताळात करायची. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

गर्भ होता आणि गळून गेला, की मुळातच शरीर नेहमीपेक्षा जास्त दिवस फसवत राहिलं, हे कधीच कळलं नाही. मी प्लेट शुक्रवारी लावली असती तरी काही वाचलं नसतं. हे हेलननी सांगितलं, मानसीनं सांगितलं, मलाही माहीत आहे. आप्पांना रविवारी सांगितलं. ते म्हणाले, “पुढच्या माजाला बघू.” ही त्यांची चाळीस वर्षांची सवय होती, प्रत्येक गोठ्यातून निघताना ते हेच म्हणायचे. मी त्यांना सांगितलं की कांड्याच नाहीत. त्यांना ते पटकन समजेना. त्यांच्या कॅनमध्ये कांडी नव्हती असा एक दिवस गेला नव्हता.

तेव्हापासून मी याचा खूप विचार केलाय. एखादा प्राणी वाचवायचा म्हणजे जंगल राखायचं, शिकार थांबवायची, कुंपणं काढायची, हे सगळं खरं आहे. पण जिथे मोजकीच जनावरं उरतात, तिथे शेवटी सगळं येऊन थांबतं एका मादीच्या अंगात चाललेल्या घडामोडींपाशी, आणि त्यांच्याबद्दल आपल्याला फार थोडं कळलेलं आहे. गाईचं कळलं, कारण दूध हवं होतं. जग्वारचं कळून घ्यायची निकड आपल्याला लागली तोवर फार उशीर झाला होता. आता कुणी मला आशेबद्दल बोलायला लागलं की मी विषय बदलते. पुढे मी ते काम सोडलं. सध्या इथल्या एका कंपनीत माणसांच्या रक्तातली हॉर्मोनं मोजायची किट तपासते. आकडा येतो, पुढे जातो. कुणाचा ते मला माहीत नसतं.

त्या पानगळीनंतरच्या एप्रिलमध्ये पालोमाच्या गर्भाशयात पू झाला. पिल्लं न होता वर्षानुवर्षं हॉर्मोनांचे चढउतार सोसलेल्या माद्यांना हे होतं. गर्भाशय आणि बीजकोश काढावे लागले. बीजकोशातून अंडी मिळाली, ती बाहेर पिकली, तर दुसऱ्या एखाद्या नराची कांडी मागवता आली असती. पालोमाचं तरी रक्त राहिलं असतं. बीजकोश कोमट थर्मासात घालून लोरेन स्वतः तीन तास गाडी चालवत घेऊन आली. मी अकरा अंडी काढून उबेत ठेवली. लोरेन आमच्याच घरी सोफ्यावर झोपली. मानसीनं तिला वरणभात वाढला, तिनं तो चमच्यानं शांतपणे संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बशी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. अकरापैकी एकही पिकलं नव्हतं. मी पुन्हा सगळी तपासली, मग बाहेर बाकावर बसलेल्या लोरेनला सांगितलं. या वेळी लगेच सांगितलं. तिनं मान हलवली आणि विचारलं की बघता येतील का.

मी तिला खुर्चीवर बसवलं, भिंगं तिच्या डोळ्यांना जुळवून दिली. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. खिडकीबाहेर झाडांना नुकती पालवी फुटत होती.

“किती गोल आहेत,” ती म्हणाली.

मी हो म्हणाले. मग तिनं डोळे बाजूला केले, आणि मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.